हिरड्यांतून रक्त, दोन डॉक्टर, दोन सल्ले: आधी हिरड्या मोजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३९, राहायला कोथरूडला, दिवसभर संगणकासमोर बसायचं काम. गेलं वर्षभर ब्रश करताना रक्त येतं, सकाळी तोंडाला वास येतो, दुखत मात्र काहीच नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं, साधं क्लीनिंग करून घ्या, पुरे. दुसऱ्यांनी चार सिटिंगचं डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखालची साफसफाई, सांगितलं आणि खालच्या उजव्या दाढांपाशी कदाचित फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून साफ करणं, लागेल असंही म्हणाले. आई म्हणते, क्लीनिंगच्या नादी लागू नकोस, मशीन लावलं की दात ढिले होतात. तिचे स्वतःचे बहुतेक दात पंचावन्नच्या आतच गेले. आता या दोघांत खरं कोण बोलतंय आणि आईसारखं आपलंही होणार का, हे तुम्हाला हवं आहे.

मी पुण्यात हिरड्यांच्या आजारांवरच काम करते आणि तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारी माणसं मला जवळजवळ रोज भेटतात. तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे दोघांपैकी कोणाचा सल्ला तुम्हाला लागू आहे हे मी इथून सांगू शकत नाही. पण तो निर्णय कशावरून घ्यायचा असतो हे नक्की सांगू शकते. तुमच्या प्रश्नात रक्त आहे, वास आहे, दोन अंदाज आहेत, आईचा अनुभव आहे. आकडा मात्र एकही नाही. हिरड्यांचा आजार मिलिमीटरमध्ये मोजता येतो. तो मोजलाच नसेल तर दोन डॉक्टरांची दोन मतं होणं अगदी साहजिक आहे, आणि त्यात कोणी तुम्हाला फसवतंय असं लगेच धरून चालू नका.

मोजायचं काय, ते कळायला आधी रचना समजून घेऊ. दाताचं मूळ हाडात असतं, मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ पडदा असतो आणि वरून हिरडीची कड दाताला बिलगून असते. बिलगून असली तरी दात आणि हिरडी यांच्यात एक छोटी खाच असतेच. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल असते. जेवणानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा मऊ, चिकट थर बसायला लागतो. नखाने खरवडलं तर पांढरट पिवळसर लागतो तोच. त्याला आम्ही प्लाक म्हणतो. तो हिरडीच्या कडेला राहिला तर हिरडी लाल होते, फुगते आणि ब्रश लागताच रक्त येतं.

इथवरची गोष्ट पूर्ण परत फिरवता येते, आणि हे आम्हाला फार जुन्या, साध्या प्रयोगातून माहीत आहे. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये हिरड्या निरोगी असलेल्या काही जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा नीट साफसफाई सुरू केली आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. १९६५ साली हे प्रसिद्ध झालं आणि आजही आमचं सगळं काम त्याच पायावर उभं आहे. म्हणजे तुमचा आजार नुसत्या सुजेपुरता असेल, तर पहिले डॉक्टर बरोबर आहेत: एकदा क्लीनिंग आणि पुढे घरची नीट साफसफाई, एवढ्यावर तो बरा होतो.

पण काही जणांत सूज तिथेच थांबत नाही. जंतूंशी लढताना शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच दाताभोवतीचे तंतू आणि हाड झिजवायला लागते. हाड खाली सरकतं, खाच खोल होते, चार, पाच, सात मिलिमीटर. त्या खोल खाचेला आम्ही पॉकेट म्हणतो आणि या टप्प्याला आपल्याकडे लोक पायोरिया म्हणतात. घरचा ब्रश हिरडीच्या कडेखाली जेमतेम मिलिमीटरभर पोचतो. सहा मिलिमीटरच्या पॉकेटच्या तळाशी काय चाललंय, त्याला ब्रश, पेस्ट, माउथवॉश, कशाचाच हात लागत नाही. आणि हे सगळं न दुखता होतं. दाढ किडली तर ती रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे धावतो. हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षं मुकाट चालतो. ‘दुखत नाही’ या गोष्टीचा आधार तुम्ही कृपा करून घेऊ नका.

आता मोजणी. आमच्याकडे बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. ती हिरडी आणि दात यांच्या मधून अलगद आत सरकवायची आणि जिथे अडते तिथला आकडा वाचायचा. प्रत्येक दाताला सहा जागी, बाहेरून तीन आणि आतून तीन. २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. मी आकडे मोठ्याने म्हणते, असिस्टंट लिहून घेते: तीन, दोन, तीन; तीन, दोन, चार; तीन, तीन, सहा. त्या सहाला खुर्चीतला माणूस हमखास डोळे उघडतो. हा तक्ता भरायला थोडा वेळ लागतो, किंचित टोचतं, पण त्यात तुमच्या तोंडाचा नकाशा असतो. आकड्यांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी लिहायच्या असतात: प्रोब काढल्यावर रक्त कुठे कुठे आलं, हिरडी तिच्या मूळ जागेपासून किती सरकली आहे आणि कुठला दात किती हलतो.

यासोबत एक्स-रे लागतो. निरोगी दाताभोवतीचं हाड दाताच्या वरच्या भागाच्या कडेपासून साधारण एक ते दोन मिलिमीटर खाली असतं. त्याहून बरंच खाली दिसलं तर हाड गेलेलं आहे. पूर्ण जबड्याचा एक मोठा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो अंदाजासाठी ठीक. पण खोल पॉकेट असलेल्या दातांचे छोटे एक्स-रे वेगळे काढले तर चित्र जास्त स्पष्ट येतं. एक फरक मात्र लक्षात ठेवा. एक्स-रे आजवर काय झालं ते सांगतो. आत्ता आग चालू आहे की शांत झाली, हे प्रोबनंतर येणाऱ्या रक्तावरून कळतं. त्यामुळे नुसता एक्स-रे पाहून ‘सर्जरी करावी लागेल’ म्हणणं अपुरं आहे, आणि नुसतं तोंडात आरसा फिरवून ‘काही नाही, क्लीनिंग करा’ म्हणणंही तितकंच अपुरं.

तुमच्या दोन सल्ल्यांकडे आता या नजरेने पाहा. सगळीकडे तीनच्या आत आकडे असतील आणि एक्स-रेत हाड जागेवर असेल, तर डीप क्लीनिंगची गरज नाही. बऱ्याच जागी चार-पाच असतील, हाड थोडं गेलं असेल, तर हिरडीखालचं क्लीनिंग हवं, आणि ते एका बैठकीत सगळं उरकण्यापेक्षा दोन ते चार बैठकांत जागा बधिर करून करणं जास्त योग्य. खालच्या उजव्या दाढांपाशी सहा, सात, आठ असेल तर दुसरे डॉक्टर सर्जरीचं का बोलले ते समजतं. तरीही सर्जरी ही पहिली पायरी कधीच नसते. आधी हिरडीखालची साफसफाई करायची, घरची साफसफाई सुधारायची, सहा आठवडे ते तीन महिने जाऊ द्यायचे आणि पुन्हा तोच तक्ता भरायचा. सहाचे चार होतात, पाचचे तीन होतात, असं मी सतत पाहते, कारण सूज उतरली की हिरडी आक्रसते आणि दाताला पुन्हा घट्ट बिलगते. त्यानंतरही सहा किंवा जास्त राहिलं आणि तिथून रक्त येत राहिलं, तरच हिरडी उघडून साफ करायचा विचार करायचा. म्हणून पहिल्याच भेटीत कोणी सर्जरीची तारीख द्यायला लागलं तर दुसऱ्या मोजणीपर्यंत थांबायला सांगा. थांबण्याने नुकसान होत नाही. पहिली साफसफाई लांबवण्याने होतं.

सर्जरीबद्दल लोक फार धसका घेतात, म्हणून दोन शब्द. जागा बधिर करून हिरडी थोडी बाजूला करायची, मूळ डोळ्यांनी पाहून साफ करायचं, परत टाके घालायचे. हाडाचा खड्डा विशिष्ट आकाराचा, अरुंद आणि खोल असेल तर तिथे हाडाची भुकटी भरून थोडं हाड परत मिळवता येतं. सगळीकडून सारखंच खाली गेलेलं हाड मात्र परत येत नाही, ते आहे तिथे टिकवायचं असतं. लेझरबद्दलही विचारतात. नीट केलेल्या साध्या साफसफाईपेक्षा त्याने ठळक जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही, त्यामुळे केवळ लेझर आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. ती जे सांगते ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं असणार. मऊ थर दातावर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून तो दगडासारखा कडक होतो, ते कीटण. खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सगळ्यांत जास्त साठतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. उंड्री-वाघोलीकडच्या सोसायट्यांतून येणारे बरेच जण टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याला दोष देतात. पण खनिजं मुख्यतः आपल्याच लाळेतून येतात. आता वर्षानुवर्षं हाड झिजलंय आणि दात खरं तर ढिले झालेत, पण कीटणाच्या जाड थराने ते एकमेकांना जखडून ठेवलेत, जणू उखडलेल्या खांबांच्या बुंध्याशी कुणी सिमेंट ओतलंय. अशा वेळी कीटण काढलं की दात हलायला लागतात, फटी दिसतात, थंड पाण्याने दात शिवशिवतात. दोष क्लीनिंगच्या माथी बसतो. हाड मात्र त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असतं. क्लीनिंगचं मशीन कंप आणि पाण्याने कीटण फोडतं, ते नीट वापरलं तर दाताचं वरचं आवरण खरवडून काढत नाही आणि हाडाला हात लावत नाही. त्या फटी, सूज उतरल्यावरची नवी हिरडीची रेघ आणि काही आठवड्यांची शिवशिव हे आम्ही आधी समजावून सांगायला हवं. ते सांगितलं जात नाही आणि मग एका माणसाच्या अनुभवावरून अख्खं घर वीस वर्षं क्लीनिंग टाळतं.

आईसारखं तुमचंही होईल का? कल असू शकतो, पण तो नशिबाचा लेख नाही. याच हॅराल्ड लो यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० पुरुष कामगारांचा १९७० पासून पंधरा वर्षं मागोवा घेतला. या कामगारांना दात घासायची सवय नव्हती, दातांचे उपचार मिळत नव्हते, सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण होतं आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी सगळ्यांचं सारखं झालं नाही. सुमारे ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं हळूहळू गेलं आणि ११ टक्क्यांचा आजार सुजेपलीकडे गेलाच नाही. घाण सारखी, पण शरीराचं उत्तर वेगळं. तुमच्या आईचे दात लवकर गेले याचा अर्थ तुम्ही त्या ८ टक्क्यांत आहात असा होत नाही, पण तपासणी लांबवू नये एवढा इशारा त्यात नक्की आहे. तिचे दात नेमके कशाने गेले हेही विचारून पाहा. किडीने काढावे लागले असतील तर गोष्ट वेगळी. धडधाकट दिसणारे दात हलून हलून गळाले असतील तर हिरड्यांचा संशय घ्यायचा.

आणि एक गोष्ट हळुवारपणे विचारा: आई मिश्री लावायची का? भोर, मुळशी, मावळ या भागातून येणाऱ्या माझ्या अनेक वयस्क स्त्री रुग्ण आजही सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री बोटाने हिरड्यांवर चोळतात, आणि ती दात घट्ट करते असं मनापासून मानतात. तंबाखू आजार लपवतो. धूम्रपान करणाऱ्यांत निकोटीनने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत पॉकेट असूनही रक्त कमी येतं, हिरडी फिकट आणि ‘घट्ट’ दिसते. माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. त्यातच उपचारांनंतर जखम भरणंही अशा लोकांत सावकाश होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीला कोणी व्यसन म्हणतच नाही, ती घरातल्या मंजनाच्या डबीत बसलेली असते. तुम्ही स्वतः सिगारेट ओढत असाल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आकड्यांचा अर्थ त्याने बदलतो.

दुसरं, साखर. तुम्ही लिहिलंय की वडिलांना मधुमेह आहे आणि तुमची शुगर कधी तपासलेली नाही. या आठवड्यात तपासा, एचबीएवनसीसकट, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणाऱ्या तपासणीसकट. शुगर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार जास्त जोरात वाढतो आणि उपचारांना नीट दाद देत नाही. उलट हिरड्यांतली सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही. हे दोन्ही बाजूंनी चालतं. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर मधुमेही माणसांचं एचबीएवनसी थोडं, साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी, उतरतं असं अनेक अभ्यासांत दिसलंय. औषधाची जागा ते घेत नाही, पण ते नगण्यही नाही. चाळिशीच्या आतबाहेरच्या माणसाच्या हिरड्यांना वारंवार गळवं येताना दिसली की मी उपचारांआधी शुगरचा रिपोर्ट मागते.

काही जणांसाठी उत्तर आणखी थोडं बदलतं. ब्लड प्रेशरसाठी अॅम्लोडिपिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रक्त जास्त वेळ येऊ शकतं, पण त्या गोळ्या मनाने बंद करू नका. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. क्लीनिंग त्या काळात सुरक्षित आहे, मधले तीन महिने सगळ्यांत सोयीचे.

आता घरचं काम, कारण निम्म्याहून जास्त यश तिथेच आहे. बहुतेक माणसं रक्त आलं की ती जागा घाबरून चुकवतात. ब्रश तिथे हलकेच फिरवून पुढे जातात. मग थर तिथेच राहतो, सूज वाढते, आणखी रक्त येतं. रक्त येतं ती जागा म्हणजे जिथे साफसफाई हवी आहे ती जागा. मऊ ब्रश घ्या, केस हिरडीच्या कडेकडे तिरके धरा, अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर, आणि जागच्या जागी छोट्या हालचाली करून मग दाताकडे झटका. जोर लावायचा नाही. कडक ब्रशने घसाघसा घासणारे लोक दात साफ करत नाहीत, मूळ उघडं पाडतात. दोन मिनिटं लागतात, आणि रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते. केस फाकले की ब्रश बदला, नाहीतरी तीनेक महिन्यांनी बदलाच. पेस्ट आयुर्वेदिक की साधी यावर वाद घालण्यात अर्थ नाही, फ्लोराइड असलेली घ्या म्हणजे किडीचाही बंदोबस्त होतो. राखुंडी, मीठ आणि खरखरीत मंजन मात्र नको. हिरडी खाली सरकलेली असेल तर उघडं मूळ त्याने झिजतं.

पण ब्रशने दोन दातांमधली जागा साफ होत नाही, आणि हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. पॉकेट मोजताना मोठे आकडे दोन दाढांच्या मधल्या कोपऱ्यात जास्त सापडतात. त्यासाठी दोन साधनं आहेत. दात अगदी चिकटून असतील तर फ्लॉस, म्हणजे दोरा. थोडी जरी फट असेल तर इंटरडेंटल ब्रश, तो बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा, पण काडीएवढा बारीक असतो. तुमच्या वयाला आणि हाड थोडं गेलेलं असेल तर हा ब्रश दोऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि वापरायलाही सोपा. माप महत्त्वाचं: आत जाताना किंचित घट्ट लागला पाहिजे, पण ढकलावा लागू नये. पुढच्या दातांना बारीक, दाढांना थोडा जाड, अशी दोन मापं बहुतेकांना लागतात. क्लिनिकमध्ये आम्ही लावून दाखवतो. तसं मागून घ्या. रात्री ब्रश करण्याआधी एकदा, प्रत्येक फटीतून दोन-तीनदा आतबाहेर. पहिले काही दिवस तो गुलाबी होऊन बाहेर येईल, वासही येईल. तो वासच तुमच्या सकाळच्या तक्रारीचं उत्तर आहे. नेटाने रोज केलं तर एक-दोन आठवड्यांत बहुतेक फटींतून ब्रश स्वच्छ बाहेर येतो. जी फट तरीही रक्त देत राहते ती लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे हिरडीखाली काहीतरी राहिलंय. आणि दातकोरणं, टाचणी, आगपेटीची काडी यांनी फटीत खुपसणं बंद.

लोक आणखी काय काय करतात आणि त्याचा काय उपयोग, तेही सांगते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, सुजलेली हिरडी थोडी शांत होते. कीटण मात्र निघत नाही. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश चांगला, पण तो सर्जरीनंतर किंवा खूप सूज असताना थोडे दिवस वापरायचा, साधारण दोन आठवडे. त्याहून जास्त वापरला तर दात तपकिरी होतात आणि जेवणाची चव बिघडते. पेस्ट लावल्यावर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर त्याचा जोर कमी होतो. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःच आणून खाऊ नका. पाच दिवस बरं वाटतं, थर तिथेच असतो, महिन्याभरात पुन्हा तेच. काही मोजक्या रुग्णांत आम्ही साफसफाईच्या जोडीला गोळ्या देतो, साफसफाईऐवजी कधीच नाही. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तसंच: रोज पेरू, आवळा, लिंबू, भाज्या खाणाऱ्या माणसाच्या हिरड्यांतून येणारं रक्त क्वचितच त्या कमतरतेचं असतं.

थांबू नये अशीही काही लक्षणं आहेत. समोरच्या दातांत पूर्वी नसलेली फट पडायला लागली, दात लांब दिसायला लागले, हिरडी दाबली की पू येतो, एखादा दात चावताना दबतो किंवा हलतो, तर महिनाभर विचार करत बसू नका. हिरड्यांतून आपोआप, ब्रश न लावता रक्त येतंय, अंगावर कारण नसताना निळे डाग पडतात, ताप आणि अशक्तपणाही आहे, असं असेल तर आधी फिजिशियनकडे जाऊन रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या. हे क्वचित घडतं, पण तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे वेळ घालवायचा नसतो.

थोडक्यात क्रम असा ठेवा: शुगर तपासा, सहा जागी मोजलेला तक्ता करून घ्या, क्लीनिंग किंवा डीप क्लीनिंग आकड्यांप्रमाणे, घरी फटींची रोजची सफाई, सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा तक्ता, आणि सर्जरीचं बोलणं त्यानंतर. उपचार संपले की आजार संपला असं इथे होत नाही. ज्यांचं हाड गेलेलं आहे त्यांनी दर तीन-चार महिन्यांनी, निदान पहिलं वर्षभर, येऊन मोजून आणि साफ करून घ्यावं. आकडे स्थिर राहिले की आम्ही अंतर वाढवतो. नुसती सूज होती त्यांना सहा महिन्यांनी किंवा वर्षाने चालतं.

खर्चाचं तुम्ही स्पष्ट विचारलं नाही, पण चार सिटिंग ऐकल्यावर तो मनात असणारच. पुण्यात दातांची कॉलेजं आहेत: धनकवडीला भारती विद्यापीठाचं, वडगावला सिंहगडचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील. तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, तक्ता काटेकोर भरला जातो आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. फेऱ्या मात्र जास्त होतात आणि बहुतेक कामाच्या वेळेत, त्यामुळे तुमच्या नोकरीत ते जमेल का हे तुम्हीच ठरवा. खासगीत जाणार असाल तर दोघांपैकी ज्यांच्याशी बोलायला सोपं वाटतं त्यांच्याकडे जा आणि सरळ विचारा: माझे सगळ्यांत मोठे आकडे किती आणि कुठे, हाड किती गेलंय, आणि पुन्हा कधी मोजणार? हे विचारल्याचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. भरलेल्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि तुमचा पूर्वीचा कुठलाही दातांचा एक्स-रे घरात पडलेला असेल, अक्कलदाढेसाठी काढलेला का असेना, तो शोधून सोबत न्या. हाड पाच वर्षांपूर्वी कुठे होतं आणि आज कुठे आहे, हे त्या दोन फिल्म शेजारी शेजारी धरल्या की लगेच दिसतं.